रिमेंबरचं गाव

सर गाडी बंद करत नसत. त्यांची आठवण निघाली की आधी तो फटफट आवाजच कानात येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. जुनी मोपेड, सीटवर पोत्याचा तुकडा बांधलेला, हँडलला कापडी पिशवी. दारात यायचे, एक पाय जमिनीला टेकवायचे, तसाच बशीतून चहा घ्यायचे, बोलायचं ते बोलायचे आणि चालते व्हायचे. "सर, आत या की, बसा जरा," म्हटलं तर म्हणायचे, "बसलो की गंजतो." पेट्रोल त्यांचं जळायचं, पण डोकं माझं जळायचं.

मी त्यांचा डिंगोऱ्याच्या शाळेतला विद्यार्थी. आता वारूळवाडीला माझं मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे. सर रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. वर्गात त्यांची एक रीत होती. नवा इंग्रजी शब्द आला की फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि त्याच्याकडं बोट दाखवून विचारायचे, "काय पावणं, गाव कोणतं? कुणाचे तुम्ही?" आपल्याकडं एस.टी. स्टँडवर अनोळखी माणूस शेजारी टेकला की आपण हेच विचारतो ना? गाव कळलं, घराणं कळलं, की मग पुढचं बोलणं. सरांचं म्हणणं, शब्दालाही आधी गाव विचारावं. अर्थ तो मग आपणहून सांगतो. परीक्षेत याचा काडीचा उपयोग झाला नाही. इंग्रजीत मी काठावर पास झालो. पण आजही एखाद्या खोक्यावर नवा शब्द वाचला की तोंडातून 'गाव कोणतं' निघतंच.

तर ह्याच सरांनी आम्हाला 'रिमेंबर' शिकवला होता. रि म्हणजे परत, मेंबर म्हणजे अवयव. माणूस गेला की त्याचे हात, त्याचा आवाज, त्याची चाल आपल्या मनात तुटून इकडंतिकडं पडते. ते तुकडे गोळा करून परत जोडणं म्हणजे रिमेंबर. काय भारी वाटलं होतं राव तेव्हा! मी तर पुढं हे वाक्य दशक्रियेच्या दोन-चार फ्लेक्सवरही छापून दिलं होतं.

एकदा भर दुपारी मी दुकानात अॅम्प्लिफायर उघडून बसलो होतो. फटफट आली. सर पाय टेकवून म्हणाले, "चुकलं."

"काय चुकलं सर?"

"रिमेंबर. मेंबरचा काही संबंध नाही त्यात. मी तुम्हाला खोटं शिकवलं."

मी सोल्डरिंगची गन खाली ठेवली. सरांनी पुण्याहून एक जाडजूड कोश मागवला होता म्हणे. त्यात बघितलं तर ह्या पाहुण्याचं गाव भलतंच निघालं. मूळ लॅटिन. तिथं मेमोर असा शब्द, म्हणजे ज्याचं ध्यान जाग्यावर आहे असा माणूस. त्याला रि लागला, म्हणजे परत ध्यानात आणणं. पुढं तो फ्रेंचांच्या घरी राहायला गेला. तिथं म आणि र जवळजवळ आले, त्या लोकांच्या जिभेनं मधे एक ब घुसवला, आणि झाला मेंबरसारखा दिसायला. अवयववाला मेंबर हे घराणंच वेगळं.

"दोघांच्या मिशा सारख्या म्हणून काय भाऊ होतात का?" सर माझ्यावरच ओरडले, जणू काय मीच त्यांना भाऊ ठरवलं होतं. मग जरा नरमले. "पण एक गंमत आहे बघ. आपलं स्मरण आहे ना, ते त्याचं चुलत भावंड निघतं. मूळ धातू एक. आणि शोक करायला इंग्रजीत मोर्न म्हणतात, तोही त्याच घरातला असावा. कदाचित. हे कदाचित आहे हां. कुणाला सांगशील तर कदाचित म्हणूनच सांग."

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण ह्या माणसाच्या पायाला भिंगरी. जितके जुने विद्यार्थी आठवले तितक्यांना गाठून चूक दुरुस्त करायची असं त्यांनी डोक्यात घेतलं. एकाला टोमॅटो मार्केटात ऐन लिलावात पकडलं. एक बँकेत होता, त्याच्या खिडकीपाशी रांग मोडून उभे राहिले. एक एस.टी.चा ड्रायव्हर झालाय, त्याला नारायणगाव स्टँडवर गाडी सुटता सुटता अडवला. मोपेड एस.टी.च्या पुढ्यात आडवी, सर खिडकीखाली उभे राहून लॅटिन सांगताहेत, आणि कंडक्टर घंटीची दोरी धरून म्हणतोय, "मास्तर, टाइम झाला, पॅशिंजर शिव्या देत्यात!" ड्रायव्हर बिचारा हात जोडून म्हणाला, "सर, लक्षात आलं, मेंबर कॅन्सल." तेव्हा कुठं मोपेड बाजूला झाली.

मला विचाराल तर मला मेंबरवालाच अर्थ आवडतो. तसं मी सरांना म्हटलंही. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा अॅम्प्लिफायरमध्ये तोंड घातलं.

आता दशक्रियेचं सांगतो, कारण सरांचा खरा पराक्रम तिथला.

आमच्या जुन्नर-आंबेगावात दहावा म्हणजे नुसता विधी नसतो. नदीच्या घाटावर मंडप पडतो, पाच-पन्नास गावची माणसं येतात, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग श्रद्धांजली. सरपंच, चेअरमन, संचालक, माजी अमुक, भावी तमुक. एकेक जण माइकवर येतो. माइक माझा असतो, त्यामुळं मला सगळं पाठ आहे. मनमिळाऊ. हसतमुख. धार्मिक. कुटुंबवत्सल. न भरून येणारी पोकळी. ज्यानं जन्मभर भावाशी बांधावरून मारामाऱ्या केल्या तोही मनमिळाऊ, आणि ज्याला हसताना देवानंसुद्धा पाहिलं नसेल तोही हसतमुख. गेलेल्या माणसाच्या जागी दुसरं नाव घातलं तरी एक अक्षर बदलावं लागत नाही.

सरांना ह्याचा भयंकर राग. ते काय करायचे, कुठं मयत झाली की दोन-तीन दिवसांनी त्या घरी जायचे, तेही गाडी चालू ठेवूनच, आणि विचारायचे, "त्यांचं असं एक सांगा, जे दुसऱ्या कुणाचं सांगता येणार नाही." ते एक घेऊन दहाव्याला माइकवर यायचे. एकदा एका तात्यांच्या दहाव्याला सात-आठ पुढारी मनमिळाऊ म्हणून गेले आणि मग सर माइकपाशी आले. म्हणाले, "तात्या कुणाच्याही रानातली पपई न विचारता तोडायचे. आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या दारात जाऊन सांगायचे, तुझी पपई काही गोड नाही बाबा, खत बदल." सगळा घाट हसला. तात्यांची बायको दहा दिवस दगडासारखी बसलेली, ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली.

दर वेळी असं गोड होत नसे. एकदा एका कारभाऱ्यांच्या दहाव्याला त्यांचा मुलगाच उठून म्हणाला, "मास्तर, खाली बसा, न्हाईतर बसवीन." माइक बंद कर म्हणून सगळे माझ्याकडं हातवारे करायला लागले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. त्या दिवशी मी सरांना झापलं. "कशाला लोकांच्या जखमेवर मीठ चोळता? गेला तो गेला, गोड बोलून मोकळं व्हावं."

"गोड बोलणं म्हणजे विसरायची घाई," सर म्हणाले, आणि गेले.

सरांच्या घरी एक बाईच होत्या. त्यांच्या मंडळी. सगळी आळी त्यांना मास्तरीणबाई म्हणायची, आम्ही विद्यार्थी नुसतं बाई. मूलबाळ नव्हतं. मी कधी गेलो तर बाई चहा आणायच्या, "सर आत्ताच बाहेर पडले," म्हणायच्या, आणि पुन्हा आत जायच्या. एवढीच माझी ओळख. सडपातळ बांधा, नऊवारी, बोलणं कमी. दुसऱ्याच्या दहाव्यासाठी सर अख्खा तालुका पालथा घालायचे, तेव्हा बाई घरात काय करत असतील, हा प्रश्न कधी मला पडला नाही आणि इतर कुणालाही पडला नसावा.

बाई चार दिवसांच्या तापानं गेल्या. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मयतीला मी होतोच. तिसऱ्या दिवशी सावडणं झालं आणि त्याच दिवशी दुपारी दुकानासमोर फटफट आली. आणि बंद झाली. मी दचकून बाहेर आलो. सरांनी गाडी स्टँडवर लावली होती. आत आले, वायरच्या बंडलावर बसले.

"तुझ्याकडं हिचं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"हिचं. एखादं असं, जे दुसऱ्या कुणाचं सांगता येणार नाही."

मला आधी कळेचना. आणि कळलं तेव्हा माझा तोल गेला. मी काही देव नाही. "सर, बायको तुमची, आणि मला विचारता? सगळ्या दुनियेचं गोळा करत हिंडलात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "तीन दिवस बसून आठवतोय. चहा आठवतो. दार उघडणं आठवतं. 'जेवायला वाढू का' आठवतं. हे तर कुणाचंही सांगता येईल." मग जमिनीकडं बघत म्हणाले, "रि म्हणजे परत, असं सगळ्यांना सांगत फिरलो. परत करायला आधी एकदा केलेलं लागतं रे. परत ध्यानात आणायचं, पण आधी ध्यान दिलं असेल तर ना. माझ्याकडं पहिलंच नाही. मग परत कुठलं आणू?"

मी चहा मागवला. सर कपात बघत राहिले आणि चहा तसाच गार झाला.

मग सुरू झाली वणवण. दहावा यायच्या आत सर सगळीकडं जाऊन आले. बाईंच्या माहेरी गेले. भाऊ म्हणाला, "गरीब गाय व्हती वं माझी बहीण." सर तिथून तडक निघाले. नणंदेनं सांगितलं, लई सोसलं तिनं. किराणावाला म्हणाला, कधी उधारी ठेवली नाही. दर फेरीनंतर माझ्या दुकानात यायचे आणि तणतणायचे. "गाय म्हणे! सोसलं म्हणे! हे तर सगळ्याच बायकांचं सांगतात. ही कुठाय त्यात?" झोप नव्हती, दाढी वाढलेली, डोळे लाल. विहिरीत पडलेला पोहरा गळ टाकून शोधतात, तसा तो माणूस गावोगाव गळ टाकत होता आणि रिकामा वर ओढत होता. मला भीती एकच. दहाव्याला हा माणूस माइकवर उभा राहणार आणि ह्याच्या तोंडून मनमिळाऊ निघणार. तसं झालं तर हा ह्यातून उठायचा नाही.

दहाव्याला घाट फुलला होता. इतक्या घरच्या दहाव्यांना गेलेला माणूस, सगळी घरं आली. विधी सर स्वतःच करत होते. डोक्याचा गोटा, अंगावर पंचा, ओळखू येईनात. पिंड ठेवले आणि माणसं चार पावलं मागं सरली न सरली तोच कावळा आला, शिवला, आणि घास घेऊन उडालासुद्धा.

"भाग्यवान हो!" गुरुजी म्हणाले. "काही इच्छा मागं राहिली नाही."

"अहो, थांबा की!" सर एकदम ओरडले. कावळ्यावर! "एवढी काय घाई होती? मला विचारायचं होतं तिला." कुठं नको तिथं माणसाला हसू येतं, तसं दोघा-चौघांना आलं, आणि लगेच त्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्यांकडं कावळा अडून बसला की लोक काय काय कबूल करतात, मुलाचं लग्न करू, बांध सोडून देऊ. सरांना तेवढीही सवड मिळाली नाही. बाईंना काय हवं होतं ते बाईंबरोबर गेलं.

श्रद्धांजली सुरू झाली. सरांच्या मागे खंबीरपणे उभ्या होत्या. सरांची सावली होत्या. सरांना कधी काही कमी पडू दिलं नाही. एकही जण बाईंचं बोलेना, सगळे सरांचंच बोलत होते. शेवटी सर माइकपाशी आले. मी आवाज जरा वाढवला, कारण मला वाटलं त्यांचा आवाज बसलेला असेल.

"मला हिचं गाव माहीत आहे," सर म्हणाले. "वडलांचं नाव माहीत आहे. घराणं माहीत आहे. शब्दाला विचारतो तेवढं सगळं माहीत आहे. अर्थ माहीत नाही." त्यांनी अंगावरचा पंचा सावरला. "एका घरात राहिलो आणि मी बघितलं नाही. मी आज काही बोलू शकत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. मी हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. निवेदक गडबडला, मला खुणावायला लागला, आवाज घालव, आवाज घालव. पुढारी घड्याळं बघायला लागले. आता कोण बोलणार? बोलणारे तर बोलून झाले होते. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बिनवायरीचा माइक उचलला आणि बायकांच्या बाजूला गेलो. आमच्याकडं दहाव्याला बायका माइकवर बोलत नाहीत. एखादी शिकलेली नात चार ओळी वाचते तेवढीच. मी माइक पुढं केला तशी पहिल्या रांगेनं पदर ओढून घेतला. दुसरी रांग मागं सरकली. "अहो, घ्या की कुणीतरी!" मी खेकसलो.

सखुबाई म्हणून एक खुरपणीला जाणारी म्हातारी आहे, सरांच्याच आळीतली. तिनं माइक भाकरी थापायच्या परातीसारखा दोन्ही हातांनी धरला.

"मास्तर," ती म्हणाली, "बाई शिटी वाजवायच्या."

"काय?" सर म्हणाले.

"शिटी वं. दोन बोटं त्वांडात घालून. आमी सकाळच्या कांद्याला जातू, तर दोनी अंगाला ऊस. बिबट्या हाय का न्हाई, कुणाला ठावं? समद्या जणी भ्यायच्या. तर बाई म्होरं व्हायच्या आन् अशी शिटी घालायच्या, पार वड्याच्या पल्याड ऐकू जायाची. जनावर असलं तरी निघून जायाचं. येक दिस खाडा न्हाई केला बाईनी. मजुरीला न्हवत्या येत त्या. आमाला पोचवून माघारी जायाच्या."

"घरात तर कधी वाजवली नाही," सर म्हणाले.

"तुमी घरात व्हता कवा?"

हे सखुबाई टोमण्यानं नाही बोलली. साधं विचारल्यासारखं बोलली, पण माइक चालू होता आणि ते सगळ्या घाटावर घुमलं. मागची एक जण तिच्या हातातल्या माइकपाशी तोंड नेऊन म्हणाली, "तुमची गाडी वळणावरनं गेली का आमी निघायचू. बाई म्हनायच्या, मास्तरांच्या घरात शिटी सोभत न्हाई, हितं कोण बघतंय." आणि मग बांध फुटला. कुणी म्हणे, बाईंना पोपटाची नक्कल यायची. कुणी म्हणे, एकदा बिबट्याचे पाऊलठसे दिसले तर आम्ही पळालो, आणि बाई तिथंच उभं राहून उसाकडं बघत म्हणाल्या, काय रं, तुला बी कुणी घरात विचारंना का? बायका हसत होत्या, रडत होत्या, माइक हिसकावत होत्या.

"कशी वाजवायच्या?" सर पुढं आले. "दाखवा ना कुणीतरी. कशी?"

सखुबाईनं बोटं तोंडात घातली. दातच नाहीत, नुसती हवा आली. दुसरीनं करून बघितलं, तिलाही जमेना. आमच्या धंद्यात माइकनं शिट्टी मारली की अब्रू जाते, लोक नावं ठेवतात. त्या दिवशी मी जीव तोडून वाट बघत होतो, एक तरी शिट्टी वाजावी. नाही वाजली. ती बाईंनाच यायची.

सर बायकांच्या रांगेत, पायरीवर, सखुबाईच्या शेजारी बसले. तालुक्यानं त्यांना चारचौघांत बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेराव्यानंतर मंडपाचे बांबू न्यायला मी सकाळी टेम्पो घेऊन सरांच्या दारात गेलो. मोपेड पडवीत उभी, सीटवर कोंबडी बसलेली. सर घरात नव्हते. मला वाटलं, झालं, पुन्हा निघाले कुठंतरी. पण गाडी तर इथंच. तेवढ्यात उसाकडनं ओरडणं ऐकू आलं. मी वाटेनं धावलो.

पुढं सर, चालत. मागं खुरपी घेतलेल्या बायका. सर दोन बोटं तोंडात घालायचे, फुस्स व्हायचं, की मग बोटं काढून उसाकडं तोंड करून मोठ्यानं ओरडायचे, "रिमेंबर! गाव लॅटिन! मेंबरचा काही संबंध नाही!"

"आवं मास्तर, बिबट्या पळून जायाच्या ऐवजी शाळंत नाव घालंल," सखुबाई म्हणाली, आणि बायका खिदळल्या.

"घालू दे. त्याला तरी बरोबर शिकवतो," सर म्हणाले. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढं चालत राहिले. मीही मागं मागं गेलो. बांबू काय, नंतरही नेता आले असते. थोडं चाललं की सर मागं वळून विचारायचे, "इथं काय करायची?"

"हितं नुसतं चालायच्या."

पुढं ओढ्याकाठी उसाची दाटी संपते आणि चावंडचा डोंगर एकदम उघडा दिसतो. सरांनी तिथंही विचारलं.

"हितं?" सखुबाई म्हणाली. "हितं वाईच थांबायच्या. काय बघायच्या ते काय म्हाईत न्हाई. आमी म्हनायचू, चला वं बाई, उशीर झाला. तर म्हनायच्या, थांबा की."

बायका पुढं कांद्याच्या रानात गेल्या. सर तिथं थांबले. मला वाटलं, आता निघतील, मग निघतील. मी म्हटलं, "सर, चला, उन्हं वर आली."

सर म्हणाले, "थांब की."